मनाशी चार शब्द

स्वतःशी बोलणारा माणूस दिसला की लोक एकमेकांकडे पाहून हसतात. मला मात्र अशा माणसाविषयी आदर वाटतो.

गणिताच्या तासाला लहान मुले पाहावीत. सोपी बेरीज गुपचूप होते. हातचा आला की ओठ हलू लागतात. ‘सात नि आठ पंधरा; पंधराचे पाच, हातचा एक!’ रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की याने नेमके हेच हेरले होते. काम अडले की मूल स्वतःशी अधिक बोलते, आणि पुढे तेच बोलणे आत शिरून विचार बनते, असे त्याच्या १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आहे.

माझे अडलेले गणित म्हणजे माझी कादंबरी. वडिलांना काचबिंदू आहे. त्यात गेलेली नजर परत येत नाही. ही कादंबरी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी, एवढीच माझी इच्छा. शाळा आणि वह्या यांतून उरते ती पहाट. आणि पहाटे माझ्यासारखा वाक्पटू वकील शोधून सापडायचा नाही. वकीलपत्र मात्र अंथरुणाचे!

अशा वेळी ‘मी उठलेच पाहिजे’ या घोषाचा उपयोग होत नाही. ‘मी’चे आणि अंथरुणाचे जुने सूत! म्हणून मी परक्याला मारावी तशी हाक मारतो, ‘मास्तर, उठा. चूळ भरा. दिवा लावा. एकच पान लिहायचे आहे.’ अमेरिकेत ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही असेच दिसले. भाषणापूर्वी ‘मी’ न म्हणता स्वतःला नावाने संबोधणाऱ्यांची घालमेल कमी झाली आणि भाषणही अधिक चांगले वठले.

पण हाकेतही प्रकार आहेत. समर्थांनी दोनशे पाच श्लोकांत मनाला उपदेश केला, तरी त्याला सज्जन म्हणूनच हाक मारली. यातले मर्म शिक्षकाला चटकन कळते. उनाड पोराला ‘गाढवा’ म्हटले की तो ते सिद्ध करून दाखवतो. ‘शहाण्या, जरा फळा पुसतोस का?’ म्हटले की उठतो. मनही त्याच बाकावरचे.

आजवर एकशे बारा पाने झाली आहेत. वडील भिंग घेऊन मागोमाग येत आहेत. परवा त्यांनी विचारले, ‘‘शेवटी तिचे काय होते रे?’’

सांगायचा मोह अनावर झाला. मी मनाला म्हटले, ‘मास्तर, गप्प बसा. त्यांना वाचू द्या.’