अडीच वर्षांचा चंदा

मागच्या रमजानमध्ये जकातीचा हिशेब करत बसलो होतो. मोहल्ल्यातल्या एका जुन्या मित्राने विचारले, "सर, तुम्ही दहा जण दर महिन्याला तीनशे-तीनशे रुपये काढता म्हणे. एकदाच मोठी रक्कम देऊन मोकळे का होत नाही?" तेव्हा इफ्तारची वेळ झाली होती, मी हसून टाळले. त्याचे उत्तर आज लिहितो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव लिहीत नाही. आमची शाळा उर्दू माध्यमाची, मी तिथे मराठी शिकवतो. उर्दूत 'ळ' नाही, त्यामुळे आमची मुले 'कमळ'ला 'कमल' आणि 'बाळ'ला 'बाल' म्हणतात. वर्गात 'ळ' नीट म्हणणारा तो पहिला. मग तोच इतरांना जीभ कशी वळवायची ते शिकवायचा.

सहावीत असताना त्याचा ताप उतरेना. पायांवर निळे डाग आले, दात घासताना रक्त येऊ लागले. जालन्याच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि लगेच औरंगाबादला पाठवले. रक्ताचा कॅन्सर निघाला. औरंगाबादला सरकारी कॅन्सर रुग्णालय आहे, पण नातेवाइकांनी मुंबईच धरली. वडील मोंढ्यात हमाली करणारे. टाटा रुग्णालय मुंबईत नेमके कुठे आहे, हेही त्यांना ठाऊक नव्हते.

त्या जुम्म्याला नमाजनंतर मी उभा राहिलो आणि मुलाची हकीकत सांगितली. लोकांनी खिसे रिकामे केले. मोंढ्यातल्या मारवाडी आणि मराठा आडत्यांनीही दिले. दोन दिवसांत सेहेचाळीस हजार रुपये जमले. रात्री देवगिरी एक्सप्रेसवर आम्ही वीसेक जण बाप-लेकाला सोडायला गेलो. घरी येताना मन भरून आले होते. आपल्या गावात अजून माणुसकी आहे, असे वाटले.

ते पैसे दोन महिने पुरले. औषधांचा बराच भार सरकारी योजनेने आणि रुग्णालयाने उचलला होता. पैसे गेले ते खोलीचे भाडे, जेवण, रिक्षा आणि बाहेरून कराव्या लागलेल्या तपासण्यांवर. शिवाय वडिलांची हमाली बंद, घरी आई आणि दोन लहान मुली. मग उधारी सुरू झाली. आम्हाला कुणालाच ते कळले नाही, कारण आम्ही विचारलेच नाही. आमचे काम त्या रात्री स्टेशनवर संपले होते.

सात-आठ महिन्यांनी ईदला मुलगा घरी आला. डोक्यावर नवे केस, अंगावर नवा कुर्ता. सगळ्यांनी त्याला गळ्याशी धरले. वडील म्हणाले, "सर, अब एकदम अच्छा है वो. खेलता है, खाता है." मीही माशाअल्लाह म्हणालो आणि शीरखुर्म्याची वाटी हातात घेतली. पुढची तारीख कधी आहे, हे मी विचारले नाही.

ते परत गेलेच नाहीत. मुलगा बरा दिसत होता आणि तिकिटाला पैसे नव्हते. वडिलांचे सिमकार्ड दरम्यान बंद पडले होते. रुग्णालयातून फोन आला असेल, तर तो कुणापर्यंत पोचला नाही. पुढच्या हिवाळ्यात आजार उलटला आणि त्या खेपेला औषधांनी काम केले नाही. ज्या मस्जिदीत चंदा जमवला होता, तिथेच त्याच्या जनाज्याची नमाज झाली.

नंतर मी या आजाराबद्दल वाचले, डॉक्टरांना विचारले. मुलांमधला सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कॅन्सर महिनाभराच्या उपचाराने बहुतेकदा आटोक्यात येतो. तपासणीत त्याच्या पेशी दिसत नाहीत. पण लपून राहिलेल्या पेशी मारायला पुढे काही महिने कडक औषधे आणि मग दीर्घकाळ गोळ्या घ्याव्या लागतात. सगळे मिळून दोन ते तीन वर्षे. केस परत येतात, मूल धावू लागते, तेव्हा उपचार अजून चालू असतो. नेमके याच टप्प्यावर गरीब घरे गळतात. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी 80 टक्क्यांहून अधिक बरी होतात. गरीब देशांत हे प्रमाण फार कमी आहे आणि अर्धवट सुटलेले उपचार हे त्याचे एक मोठे कारण आहे. औषध असूनही मूल हातचे जाऊ शकते, हे मला तेव्हा कळले.

मुलांच्या कॅन्सरसाठी झटणाऱ्या संस्थांकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहू लागलो. निहाल आणि श्यामा कविरत्ने यांनी 2006 साली मुंबईत सेंट ज्यूड ही संस्था सुरू केली. उपचारासाठी बाहेरगावाहून आलेल्या मुलाला आणि आई-वडिलांना ती फुकट खोली देते. रेशन मिळते, आईला स्वयंपाकाची जागा मिळते, रुग्णालयात जायला गाडी असते. वरवर साध्या वाटणाऱ्या या गोष्टी उपचाराचाच भाग आहेत. केमोमुळे मुलाच्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. असे मूल परळच्या फुटपाथवर झोपले तर औषधाचा काय उपयोग? कडल्स फाउंडेशन रुग्णालयांत आहारतज्ज्ञ नेमून मुलांच्या खाण्याकडे पाहते, कारण कुपोषित मुलाला केमो सोसत नाही. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटाचे रुग्ण तिथे अत्यल्प पैशांत राहतात, कुणाला जात-धर्म विचारत नाहीत. आमच्या हमालभाईंना यातले एकही नाव माहीत नव्हते. ते खोलीचे भाडे भरत राहिले. अशा ठिकाणी जागा कमी आणि गरजू जास्त असतात, हे खरे. पण रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जाऊन विचारा, एवढे सांगायलाही त्यांच्याबरोबर कुणी नव्हते.

आता जकातीचे. जकात कुणाला द्यावी, याचे आठ वर्ग कुरआनच्या सूरह तौबामध्ये आले आहेत. फकीर आणि मिस्कीन आपल्याला पाठ असतात. त्यातच कर्जात बुडालेला आहे आणि मुसाफिरही आहे. आजारी लेकराला घेऊन परक्या शहरात अडकलेला, उधारी करून बसलेला बाप याहून वेगळा कोण? आपल्या हनफी मसलकात जकात गरजूच्या मालकीची व्हावी लागते, म्हणून इमारतीला ती देता येत नाही. पण त्या बापाच्या हातात नक्कीच देता येते. मदरशाला देऊ नका, असे मी म्हणत नाही. मी स्वतः देतो. यादीत आणखी एक नाव घाला, एवढेच म्हणतो.

आम्ही दहा जण सध्या भोकरदन तालुक्यातल्या एका मुलीसाठी पैसे काढतो. तिचे उपचार औरंगाबादलाच चालू आहेत. घर मराठा शेतकऱ्याचे आहे, त्यामुळे तिच्यासाठी जकातीचा पैसा वापरत नाही. सदका आणि आमच्या खिशातले देतो. आमच्यातले दोघे हिंदू शिक्षक आहेत, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागला. महिन्याचे तीन हजार फार नाहीत. पण प्रवास, दूध, अंडी आणि तपासणीच्या दिवशी बुडालेली मजुरी यांना ते हातभार लावतात. रेल्वेने जावे लागले तर कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला तिकिटात सवलत असते. तिचा दाखला रुग्णालयातूनच मिळतो. तोही आम्ही काढून ठेवला आहे.

पैशांपेक्षा मला आमची वही जास्त मोलाची वाटते. तिच्यात तीन रकाने आहेत: पुढची तारीख, गोळ्या कधी संपणार, फोन कुणी केला. रुग्णालयाच्या कागदांवर वडिलांच्या नंबरखाली माझाही नंबर लिहिलेला आहे. मुलीचे केस आता खांद्यापर्यंत आले आहेत. तिची आजी परवा म्हणाली, "सर, पोर आता ठणठणीत झाली की. कशाला सारखं न्यायचं?"

मी म्हणालो, "आजी, अजून चौदा महिने."

पुढची तारीख मंगळवारची आहे. सोमवारी संध्याकाळी फोन करायची पाळी माझी.