वांद्र्यातला ईस्टर आणि बारा कपकेक

बटरक्रीमचा मोह सोडा. एप्रिलच्या घामातही ताठ मानेने उभी राहणारी ईस्टरची सजावट वांद्र्याच्या एका गल्लीत आधीपासूनच तयार आहे!

ईस्टर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हिरवंगार लॉन, फिकट गुलाबी-पिवळी अंडी, कान टवकारलेला ससा आणि डोक्यावर क्रीमची टोकदार टोपी घातलेले कपकेक... फोटोत हे सगळं इतकं क्यूट दिसतं की आपणही एकदा ट्राय करावं असं वाटतंच. मीही केलं. गेल्या वर्षी अंधेरीतल्या एका दोस्ताच्या पार्टीसाठी बारा कपकेक सजवले आणि डबा सांभाळत डोंबिवलीहून लोकल पकडली. दादरला गाडी बदलेपर्यंत टोप्या कलंडल्या होत्या. अंधेरीला झाकण उघडलं तर आत बारा टकले कपकेक आणि एक गुलाबी तळं!

हा किस्सा वांद्र्याच्या मैत्रिणीला सांगितला, तर ती पोट धरून हसली. ‘‘बटरक्रीम? मुंबईत? एप्रिलमध्ये? वेडा आहेस का? या वर्षी माझ्या आईकडे ये.’’

म्हणून यंदा ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी वांद्र्याला उतरलो.

हिल रोड तुम्हाला माहीत असेलच. टॉप्स, चपला, कानातले, घासाघीस आणि रिक्षांचे हॉर्न. पण तिथून आतल्या एखाद्या गल्लीत वळून बघा. चार पावलांत आवाज मागे पडतो. रणवार गावठाणात शिरलं की कौलारू घरं, बाहेरून चढणारे लाकडी जिने, झेंडूच्या माळा घातलेले क्रूस आणि भिंतींवर रंगवलेली भलीमोठी चित्रं. मध्येच एखादा हाय-फाय कॅफे. शेर्ली, राजन, चिंबई, कांतवाडी, पाली, रणवार... वांद्रे म्हणजे मुळात अशा पाखाड्यांचं गाव. भातशेती करणाऱ्या आणि मासे धरणाऱ्या लोकांचं. समुद्राच्या बाजूचं सेंट अँड्र्यूज चर्च तर १५७५ सालचं!

इथल्या मूळच्या कॅथलिक लोकांना ईस्ट इंडियन म्हणतात. पश्चिम किनाऱ्यावर राहून ‘ईस्ट’ कसे, हा प्रश्न मलाही पडला होता. झालं असं की इंग्रजांच्या काळात गोवा-मंगळूरहून नोकरीसाठी मुंबईत आलेल्या लोकांचीही नावं पोर्तुगीजच. तेव्हा ‘आम्ही इथलेच’ हे ठसवण्यासाठी मुंबईकर कॅथलिकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, हे नाव घेतलं. नाव इंग्रजी, आडनावं पोर्तुगीज आणि घरातली बोली मराठी. आहे ना भन्नाट कॉम्बिनेशन?

‘‘ये रे बाबा,’’ आंटींनी दारातच फर्मान सोडलं. ‘‘चप्पल राहू दे, हात धू.’’

ओट्यावर काजूंची रास पडली होती. मला वाटलं, चिवडा आहे की काय. पण ईस्टरच्या अंड्यांचं रहस्य हेच. युरोपात मार्झिपान बदामाचं करतात. आपल्याकडे बदाम महाग आणि काजू हाताशी, म्हणून गोव्यापासून वांद्र्यापर्यंत मार्झिपान काजूचं झालं. गंमत म्हणजे काजूही मूळचा इथला नाही. ब्राझीलमधून पोर्तुगिजांनी तो सोळाव्या शतकात आणला, आणि आज कोकणाशिवाय काजूचा विचारही आपण करत नाही.

टायमिंगही कसं जुळलंय बघा. वसंत संपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मधला. ही पौर्णिमा बहुतेक वर्षी आपल्या हनुमान जयंतीची असते. तिकडे थंडी सरून फुलं येतात. इकडे? घामाच्या धारा, आंब्यांच्या पेट्यांची वाट बघणं आणि कोकणात काजूचा हंगाम. मग आपला ईस्टर तिकडच्या वसंतासारखा का दिसावा?

आणि अंडीच का? ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात पूर्वी युरोपात अंडीही वर्ज्य असत. कोंबड्या थोड्याच उपवास पाळतात! साठलेली अंडी सणाच्या दिवशी रंगवून वाटायची. बंद कवचातून बाहेर येणारं पिल्लू म्हणजे नवं आयुष्य, असा त्यामागचा अर्थ.

‘‘लेक्चर झालं असेल तर ढवळ,’’ आंटी म्हणाल्या.

काजूची पूड, तेवढीच पिठीसाखर, अंड्याचा पांढरा भाग आणि गुलाबपाणी. जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर. ‘‘किती मिनिटं?’’ मी मोबाइल काढून विचारलं.

‘‘घड्याळ बघू नको, कढई बघ. गोळा कडा सोडतो की नाही?’’

दहा-बारा मिनिटांनी खरंच सोडल्या. ‘‘म्हणजे काजूकतलीच की!’’ असं मी बोलून गेलो आणि आंटींनी असा काही लुक दिला की विचारू नका. मग गोळीएवढा तुकडा हातावर ठेवला. गुलाबाचा वास आधी, काजू मागून. नाही, काजूकतली नव्हे. चुलत बहीण म्हणता येईल फार तर.

कोमट गोळा मळून त्याचे चार भाग केले. रंग प्रत्येकात थेंबभरच. मग आंटींनी कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत रबराचे साचे. अर्धं अंडं, पिल्लू, ससा, गुलाब. काही माझ्या मैत्रिणीपेक्षा वयाने मोठे. डब्याच्या बाजूला मात्र खाकी खोके रचलेले होते आणि त्यांवर मार्करने लिहिलेलं : काच, पुस्तकं, अल्टर.

घर पाडलं जाणार आहे. कागदांवर सह्या झाल्यात. मे संपला की भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आणि मग इथे टॉवर. घराची दुरुस्ती परवडत नाही, जिना आता आंटींच्या गुडघ्यांना झेपत नाही आणि दोन मुलं कॅनडात आहेत. ‘‘जुनी घरं वाचली पाहिजेत’’ हे माझ्या तोंडावर आलेलं वाक्य मी गिळलं. कॉफी पिऊन, फोटो काढून परत डोंबिवलीच्या टॉवरमध्ये जाणाऱ्याने ते बोलू नये.

‘‘लिफ्ट मिळेल, बरंच आहे,’’ साच्यात गोळा दाबत त्या म्हणाल्या. ‘‘पण बॉटल मसाल्याच्या मिरच्या कुठे वाळवू? ती एवढीशी बाल्कनी...’’ मग बोटं मोजू लागल्या. पूर्वी या गल्लीत ईस्टरच्या सकाळी त्यांच्याकडून बारा घरी मार्झिपानचे डबे जायचे. या वर्षी सात. बाकीच्या घरांचे टॉवर झाले, माणसं मीरा रोडला, विरारला, टोरांटोला. सात डबे आम्ही तिघांनी भरले. आंटींनी आठवा पुढे ओढला. ‘‘हा डोंबिवलीचा.’’

कपकेक मी घरूनच भाजून नेले होते. सजावट अगदी सोप्पी! वर लिंबाच्या रसात कालवलेल्या आयसिंग शुगरचा पातळ थर, त्यावर मार्झिपानचं घरटं आणि घरट्यात तीन अंडी. घरट्यासाठी मी सॅकमधून आईचा सोऱ्या काढला आणि शेवेची जाळी लावून हिरव्या गोळ्याचा झुबका पाडला. आंटी बघतच राहिल्या. ‘‘आम्ही चाळणीतून दाबतो,’’ त्या म्हणाल्या. मग हळूच, ‘‘दे इकडे.’’ पुढची अकरा घरटी त्यांनीच पाडली.

संध्याकाळी निघालो तेव्हा गल्लीत इस्त्रीच्या कपड्यांचा वास होता. रात्रीच्या मिसाची तयारी. चर्चच्या अंधारात आधी नवा अग्नी, त्यावर मोठी मेणबत्ती आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली. मी मात्र वांद्रे, दादर, डोंबिवली असा डबा छातीशी धरून उभा. ठाण्याला कुणाचं तरी कोपर बसलं. घरी झाकण उघडलं. बाराच्या बारा घरटी जागच्या जागी! एक पिल्लू तेवढं आडवं झालं होतं.

तुमच्या किचनसाठी

१२ कपकेक : १२५ ग्रॅम लोणी आणि १२५ ग्रॅम साखर हलकी होईपर्यंत फेटा. २ अंडी एकेक करून घाला. १२५ ग्रॅम मैदा, १ चमचा बेकिंग पावडर, थोडा व्हॅनिला आणि २-३ मोठे चमचे दूध मिसळा. १८० अंश सेल्सिअसला १८ ते २० मिनिटं भाजा. पूर्ण गार झाल्याशिवाय सजवायचे नाहीत!

मार्झिपान : २५० ग्रॅम काजू, २५० ग्रॅम पिठीसाखर, एका अंड्याचा पांढरा भाग, १ मोठा चमचा गुलाबपाणी. काजू मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलेत तर तेल सुटतं. मंद आचेवर कडा सुटेपर्यंत ढवळा.

हे टाळा : सजवलेले कपकेक फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर मार्झिपानला घाम फुटतो आणि रंग ओघळतात. एसी रूम किंवा घरातला थंड कोपरा पुरे.

रविवारी सकाळी आईने चहाबरोबर एक कपकेक संपवला, दुसऱ्याकडे हात नेला आणि सोऱ्या कुठे गेला ते विचारलं. तो वांद्र्यालाच राहिला होता. मी आंटींना बारा घरट्यांचा फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं : ‘पिल्लाचा डोळा वाकडा आहे. सोऱ्या माझ्याकडे आहे, घाई नाही ना? पुढच्या वर्षी लवकर ये. नवा पत्ता पाठवते.’