पडद्याआडची दोन मिनिटे

मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग. १९९५ च्या पावसाळ्यातली सकाळ. बाकांवर बसायला जागा नाही, छत्र्यांचे पाणी फरशीभर झालेले, आणि केसपेपरचा गठ्ठा हातात घेऊन नावे पुकारणारी परिचारिका नोकरीत अगदी नवीन, उणीपुरी तेवीस वर्षांची.

एका पुकाऱ्याला दोघी उठल्या. पुढे पन्नाशीची एक ठसठशीत बाई आणि मागे ओढणीने अर्धे तोंड झाकलेली मुलगी. केसपेपरवर वय लिहिले होते एकवीस. मुलगी सोळाचीही वाटत नव्हती.

डॉक्टरांनी विचारले, काय होतंय? उत्तर बाईने दिले. कधीपासून दुखतंय? उत्तर बाईनेच दिले. लग्न झालंय का, यावरही "हो, नवरा गावाला असतो" असे बाईच म्हणाली. मुलीची नजर जमिनीवरून हलली नाही. इंजेक्शन देण्यासाठी परिचारिकेने तिची बाही वर केली, तेव्हा दंडावर एकाच आकाराचे तीन गोल डाग दिसले.

"हे काय गं?"

"स्वयंपाक करताना भाजलं," बाई म्हणाली.

बाहेर रांग वाढत होती. इंजेक्शन दिले गेले, गोळ्यांची चिठ्ठी दिली गेली. दारातून बाहेर पडताना मुलीने एकदाच मागे वळून पाहिले.

पुढे फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या वेश्यावस्तीवर पोलिसांनी मोठे छापे घातले. चारशेहून अधिक मुली बाहेर काढल्या गेल्या. त्यांतल्या दोनशेहून अधिक नेपाळच्या होत्या. त्यांना घरी पाठवण्याचा प्रश्न महिनोन्महिने लोंबकळला आणि अखेर जुलैमध्ये स्वयंसेवी संस्थांनी १२८ मुलींना काठमांडूला नेले. त्या बातम्या वाचताना परिचारिकेला ते तीन डाग आठवले. स्वयंपाक करताना भाजले, तर डाग असे मोजून मापून उठतात का? ते सिगारेटचे चटके होते, हे तिला त्या दिवशी कळायला हवे होते. खरे तर कळलेही होते. पण विचारायचे कसे आणि विचारून पुढे करायचे काय, हे तिला कोणी शिकवलेच नव्हते.

कुलूप उघडते ते आजारपणात

विकल्या गेलेल्या मुलीच्या खोलीला कुलूप असते, खिडकीला गज असतात. पण ती तापाने फणफणली, गरोदर राहिली किंवा जखम चिघळली, की तिच्या मालकालाही डॉक्टरची पायरी चढावी लागते, कारण आजारी मुलगी कमाई करत नाही. त्या बंद जगातून ती क्षणभर बाहेर येते ती अशी. तिथे तिला भेटणारा पहिला परका माणूस बहुधा डॉक्टर, परिचारिका, नाहीतर वॉर्डातली मावशी असतो.

आणि हा व्यापार काही वेश्यावस्तीपुरता नाही. घरकामासाठी शहरात आणलेली आदिवासी मुलगी, कर्जापोटी वीटभट्टीवर राबणारे कुटुंब, कारखान्यात पहाटेपासून जुंपलेला बिहारचा मुलगा, ही सारी त्याच साखळीची कडी आहेत.

पुढच्या वर्षांत या परिचारिकेने अनुभवातून आणि प्रशिक्षणांतून काही खुणा मनाशी पक्क्या केल्या. सोबतचा माणूस रुग्णाला बोलूच देत नाही. तिचे ओळखपत्र त्याच्या खिशात असते. राहतेस कुठे, हे तिला सांगता येत नाही. वय आणि चेहरा यांचा मेळ बसत नाही. दुखणे अंगावर काढून फार उशिरा आणले जाते. जुन्या भाजल्याच्या, बांधल्याच्या खुणा असतात, पुन्हा पुन्हा गर्भपात किंवा गुप्तरोग झालेले असतात आणि प्रत्येक जखमेची कहाणी पाठ केल्यासारखी सांगितली जाते. यातली एकच खूण दिसली म्हणून निष्कर्ष काढायचा नाही. सासूही सुनेच्या वतीने बोलते, गरिबीतही उपचाराला उशीर होतो. पण तीन-चार खुणा एकत्र दिसल्या, तर रांग थोडी थांबलेली चालते.

"रात्री झोपतेस कुठे?"

२०१६ साली तसा प्रसंग आला. आता ती विभागाची प्रमुख परिचारिका होती. नीटनेटक्या पोशाखातली एक गृहिणी हात भाजलेल्या मुलीला घेऊन आली. "आमच्याकडे कामाला आहे. झारखंडची. फार वेंधळी." जखम चार दिवसांची होती. वय अठरा सांगितले.

परिचारिका मालकिणीशी एक अक्षर वावगे बोलली नाही. ड्रेसिंगच्या वेळी नातेवाइकांनी बाहेर थांबायचे असते, असे तिने नेहमीच्या सुरात सांगितले आणि पडदा ओढला.

तुला विकलंय का, मारतात का, असले प्रश्न तिने विचारले नाहीत. घाबरलेले माणूस अशा प्रश्नाला "नाही" म्हणूनच मोकळे होते. ड्रेसिंग करता करता तिने हिंदीत सहज विचारले, "रात्री झोपतेस कुठे?"

"बाल्कनीत."

"आणि बाहेर जावंसं वाटलं तर?"

"कडी बाहेरून असते."

"पगार?"

"एजंट घेतो. त्याने गावात आईला पैसे दिलेत."

दोन मिनिटांचे बोलणे. पण त्यात सारे आले होते. मुलीने आपले वय पंधरा सांगितले. "तुझी काही चूक नाही," एवढेच परिचारिका म्हणाली. उद्याच घरी पाठवते, असले वचन तिने दिले नाही, कारण ते तिच्या हाती नव्हते.

जखम चिघळली होती, म्हणून डॉक्टरांनी मुलीला दाखल करून घेतले. ते कारण खरे होते, आणि मालकिणीला संशय येण्याचे काही नव्हते. डॉक्टरांनी वैद्यकीय-कायदेशीर नोंद केली. मुलीचे शब्द तिच्याच भाषेत, आपले मत न मिसळता, लिहून घेतले. समाजसेवा अधीक्षक आल्या, रुग्णालयातल्या पोलीस चौकीला कळवले गेले आणि मुलीला बालकल्याण समितीपुढे उभे करण्यात आले. संकटात सापडलेले मूल २४ तासांच्या आत समितीपुढे न्यावे, असे २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो.

कायदा काय म्हणतो?

राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना बंदी केली आहे. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे दिसले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, मग तो डॉक्टर का असेना. बलात्कारपीडितेवर मोफत उपचार करणे सरकारी रुग्णालयाला बंधनकारक आहे, तसेच खाजगीलाही. एचआयव्हीची तपासणी संमतीवाचून करू नये, असे २०१७ चा कायदा म्हणतो.

प्रौढ स्त्रीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिचे म्हणणे आधी ऐकायला हवे. स्वतःच्या इच्छेने देहविक्रय करणाऱ्या प्रौढ स्त्रीला छळू नये आणि तिला सन्मानाने वागवावे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले आहे. जी अडकली आहे पण आज बाहेर पडायला धजावत नाही, तिच्या हाती पत्ता लिहिलेला कागद देऊ नये. तो सापडला तर मार तिलाच पडतो. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२, हे आकडे तोंडी पाठ करून घेता येतात. स्वतः पाठलाग करणे, दलालाशी हुज्जत घालणे, हे धाडस मात्र कोणी करू नये.

या क्षेत्राला काळी बाजूही आहे. २०१८ मध्ये तेलंगणातील यादगिरीगुट्टा येथे पोलिसांनी ११ लहान मुलींची सुटका केली. त्या लवकर मोठ्या दिसाव्यात म्हणून त्यांना हार्मोनची इंजेक्शने दिली जात होती. त्या प्रकरणात एका डॉक्टरलाही अटक झाली होती. तीच सुई, तोच पांढरा कोट. वापरणाऱ्याचे मन कुठे आहे, यावर सारे अवलंबून असते.

झारखंडची ती मुलगी काही महिने बालगृहात राहिली आणि मग तिला गावी पाठवण्यात आले. तिचे पुढे काय झाले, गावात तिला कोणी पुन्हा फसवले तर नाही ना, हे परिचारिकेला समजले नाही. सुटका झाली म्हणजे सुख आले, असे नसते, हे ती जाणून आहे.

अजूनही केसपेपरवरचे वय आणि समोरचा चेहरा ती एकदा ताडून पाहते. नव्या मुली तिच्या हाताखाली येतात, तेव्हा इंजेक्शन कसे द्यावे हे शिकवण्याआधी ती त्यांना पडदा ओढायला शिकवते. का, असे कोणी विचारले, तर ती त्यांना १९९५ च्या पावसाळ्यातली ती मुलगी सांगते, जिचे खरे नाव तिला कधी कळलेच नाही.