दुखण्यांची बेरीज

वीस आणि वीस चाळीस होतात, असें शाळेंत गुरुजींनीं छडीच्या धाकानें आम्हांस पटवून दिलें होतें. तो विश्वास पन्नाशीपर्यंत टिकला. गेल्या वर्षीं आमच्या मामांच्या अपंगत्व-पेन्शनीचे कागद पाहण्याचा प्रसंग आला आणि वीस नि वीस मिळून तीसहि होतात, हें आम्हांस प्रथम कळलें.

मामा तोफखान्यांत हवालदार होते. सातारा जिल्ह्यांत अपशिंगे या गांवाच्या नांवापुढें लोक अभिमानानें 'मिलिटरी' हा शब्द लावतात. मामांचें गांव तितकें प्रसिद्ध नाहीं. पण गणवेशांतला फोटो भिंतीवर नाहीं असें घर तेथेंहि शोधूनच काढावें लागेल. चोवीस वर्षांची नोकरी संपवून २००९ सालीं ते परतले, ते एक ट्रंक, दोन-चार पदकें आणि चार दुखणीं घेऊन. तोफांच्या धडाक्यानें दोन्ही कान मंदावले होते, पाठ धरली होती, जिना चढतांना गुडघे वाजत होते आणि रक्तदाब वाढला होता. यांपैकीं एकाहि दुखण्याविषयीं ते आपण होऊन कधीं बोलले नाहींत. आम्ही मात्र त्यांच्या या मौनाचें पाहुण्यांपुढें कौतुक करीत असूं.

गेल्या वर्षीं मामी म्हणाल्या, "अरे, त्या ट्रंकेंतले कागद एकदां नीट बघ. यांना विचारलं तर म्हणतात, सरकारनं दिलं तेवढं पुष्कळ." म्हणून आम्ही ट्रंक उघडली. तींत सेवानिवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाचा अहवाल होता. पाठ, वीस टक्के. कान, वीस टक्के. रक्तदाब, तीस टक्के. पाठ आणि कान नोकरीमुळें बिघडले असें बोर्डास मान्य होतें, आणि दोहोंचें मिळून अपंगत्व तीस टक्के धरलें होतें. बोर्ड दुखणीं नुसतीं एकाखालीं एक मांडून मिळवीत नाहीं. सबंध माणूस किती निकामी झाला, हें पाहून एकच आंकडा ठरवितें. माणूस शंभराहून अधिक मोडूं शकत नाहीं, हें तत्त्व आम्हांसहि पटलें. रक्तदाबापुढें मात्र लिहिलें होतें : नोकरीमुळें झाला नाहीं, नोकरीनें वाढलाहि नाहीं, कारण तो शांत ठिकाणीं असतांना प्रथम आढळला.

आम्ही मामांस विचारलें, "उंचावरच्या ठाण्यावर असतांना कांहीं त्रास होत नव्हता का?"

"होत होता की. डोकं फुटायचं."

"मग एम्. आय्. रूममध्यें कां गेलां नाहींत?"

मामा हंसले. "अरे, आम्ही सहा जण तोफेवर. मी आजारी पडलों तर माझं काम पांचांनीं करायचं. रोज सिक रिपोर्ट करणाऱ्याला पलटणींत काय म्हणतात, तुला ठाऊक नाहीं."

तेथेंच सगळी गोम आमच्या ध्यानांत आली. जो गुण अंगीं बाणावा म्हणून सैन्यानें त्यांना इतकीं वर्षें घडविलें, तोच गुण अर्ज करतेवेळीं त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होता. बर्फांत मुकाट्यानें सोसलेल्याची कोठेंहि नोंद नव्हती. मैदानांतल्या छावणीत एका सक्तीच्या तपासणींत जें सांपडलें, त्याची तारीख आणि ठिकाण मात्र कागदावर कायम झालें होतें.

पुढील दोन महिने आम्ही जुने नियम व निकाल वाचण्यांत घालविले. १९८२ च्या नियमांप्रमाणें, भरतीच्या वेळीं ज्या रोगाची नोंद नाहीं तो रोग असलेला जवान निरोगीच होता असें धरावयाचें असे. सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं एका जवानाच्या दाव्यांत हेंच ठासून सांगितलें, आणि संशयाचा फायदा जवानास द्यावा असें म्हटलें. २०१४ सालीं त्याच न्यायालयानें असेंहि ठरविलें, कीं पन्नासाच्या आंतलें अपंगत्व पन्नास धरण्याची सवलत मुदत पुरी करून परतलेल्यांनाहि मिळावी. शंभर टक्क्यांस शेवटच्या पगाराचे तीस टक्के, या हिशेबानें पन्नासास पंधरा पडतात. मामांना नऊच मिळत होते. २१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांस नियम निराळे झाले आहेत. पण मामा त्यापूर्वींचे. उशीर झाला म्हणून हक्क सर्वस्वीं बुडत नाहीं; थकबाकी मात्र बहुधा मागील तीन वर्षांपुरतीच मिळते. आणि कचेरीनें नाकारलें तरी २००७ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचें पीठ मुंबईस आहे.

हें सर्व आम्ही उत्साहानें मामांना वाचून दाखविलें. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पैशासाठीं रडतोय असं दिसेल."

आम्हांस उत्तर सुचेना. उत्तर दिलें तें मामींनीं. "दिसूं दे. रात्रीं दोन वाजतां डोकं धरून बसतां, तेव्हां कोण बघतं? मी बघतें. तें कुठल्या तरी कागदावर लिहिलेलं असूं दे."

मामींचें तें वाक्य कोणत्याहि निकालपत्राहून आम्हांस अधिक सबळ वाटलें. सोशिकपणाचें आम्ही इतकीं वर्षें कौतुक केलें, पण त्याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. आणि ज्याचा हिशेब नाहीं, तें घडलेंच नाहीं असें जग खुशाल धरून चालतें. अर्ज म्हणजे याचना नव्हे. घडलेल्या गोष्टीची ती उशिरां केलेली नोंद आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मामांनीं चष्मा लावून अर्ज दोनदां वाचला. कोणत्या वर्षीं कोणत्या ठाण्यावर होतों, हें त्यांनीं स्वतः लिहून जोडलें. मग कानामागें हात धरून त्यांनीं विचारलें, "यांत गुडघे घातलेस का?"

"नाहीं, मामा. त्यांचा अहवालांत कोठेंच उल्लेख नाहीं," आम्ही मोठ्यानें सांगितलें.

"बरं केलंस. बोर्डानं विचारलं, तेव्हां मींच ठीक आहेत म्हणून सांगितलं होतं. ते माझे मला राहूं देत."

इतकें बोलून त्यांनीं सही केली, आणि त्या वाजणाऱ्या गुडघ्यांवर हात टेकून ते उठले. अर्जाचें उत्तर अजून यावयाचें आहे. मध्यंतरीं एक बदल मात्र झाला आहे. डोकें दुखूं लागलें, कीं मामा आतां तसें सांगतात.