मागचा बाक

शिरूर आणि दौंड येथील काही ख्रिस्ती तरुणांनी मिळून एक लघुपट करावयाचे ठरविले आणि पटकथा लिहिण्याचे काम आमच्या गळ्यात पडले. विषयही त्यांनीच सुचविला होता, आमचे दिवंगत वडील. घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या गावांतून सायकलवर हिंडून त्यांनी आयुष्यभर धर्मशिक्षण दिले. लोक त्यांना मास्तर म्हणत. पुत्राला पित्याचे चरित्र लिहिणे कितीसे अवघड? चार रात्रींत आम्ही बारा प्रसंग लिहून काढले. सायकल, प्रार्थना, कंदिलाच्या उजेडात अक्षरओळख, १९७२ च्या दुष्काळातील धान्यवाटप आणि शेवटी गावाने खांद्यावर वाहिलेली शवपेटी. मिस्सेच्या वेळी ते नेहमी अगदी मागच्या बाकावर बसत, तेही आम्ही त्यांच्या नम्रतेची खूण म्हणून घातले होते.

दौंडला वाचन झाले. वाचन संपल्यावर जी शांतता पसरली, ती भारावल्याची नव्हती, हे आम्हांला लगेच उमगले. अखेर परिचारिकेचे शिक्षण घेणारी एक मुलगी म्हणाली, "काका, यात मास्तरांना नेमकं हवंय काय?" आम्ही उत्तर शोधतो आहोत तोच तिचा दुसरा प्रश्न आला. "आणि ते मागच्याच बाकावर का बसायचे? नम्र माणूस कुठेही बसतो."

खरे सांगावयाचे तर आम्हांला राग आला. चौफुला, केडगाव, न्हावरा करीत एस. टी. शिरूरकडे निघाली, तरी तो उतरेना. केडगाव आले तेव्हा मुक्ती मिशनची आठवण झाली. ज्या पंडिता रमाबाईंचे आईवडील त्यांच्या तारुण्यातच दुष्काळाने हिरावून नेले, त्याच रमाबाईंनी पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार मुली शोधून येथे आणल्या. नुसत्या दयेपोटी? की त्या प्रत्येक मुलीत त्यांना स्वतःची उपाशी आई दिसत होती? बाहेरून दिसणारे कार्य आणि त्याला आतून ढकलणारी वेदना यांतील अंतर त्या दिवशी आम्हांला प्रथम जाणवले. आमच्या बारा प्रसंगांत कार्य तेवढे होते.

आमच्या नियतकालिकांत एक गोष्ट नेहमी अभिमानाने सांगितली जाते. दादासाहेब फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत प्रभू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि त्यातून १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' जन्मास आला. अभिमान योग्यच आहे. तथापि पडद्यावरील कथा कशी रचावी याचा धडा त्याहून कितीतरी जुना, लूकच्या शुभवर्तमानातच आहे. प्रमुख याजकाच्या अंगणात शेकोटी पेटली आहे आणि पेत्र तेथे शेकत बसला आहे. त्याला प्रभूच्या जवळ राहावयाचे आहे, म्हणून तो पळून गेलेला नाही. त्याला जीवही वाचवावयाचा आहे, म्हणून तो ओळख देत नाही. शेकोटीशी बसावे तर चेहऱ्यावर उजेड पडतो, उठावे तर प्रभू दृष्टीआड होतो. तीन वेळा नाकारल्यावर कोंबडा आरवतो आणि प्रभू वळून त्याच्याकडे पाहतो. एका शब्दाचेही संभाषण नाही. पेत्राच्या मनात काय चालले होते, हे लूक फारसे सांगत बसत नाही. पेत्राला प्रभूचे शब्द आठवले आणि तो बाहेर जाऊन रडला, एवढेच तो सांगतो.

कॅमेऱ्याला मन दिसत नाही, ही पटकथाकाराची पहिली अडचण. कादंबरीकार दोन पाने विचार लिहू शकतो. पटकथाकाराला तो विचार हाताला, पायाला, एखाद्या वस्तूला द्यावा लागतो. पार्श्वभूमीवर निवेदकाचा आवाज घालून मनातले वदवून घेणे, ही पळवाट. आम्ही ती सात ठिकाणी घेतली होती.

प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' आम्ही पुन्हा पाहिला. विष्णुपंत पागनीसांचे तुकाराम वंदनीय आहेतच, परंतु चित्रपट घरात आणून ठेवते ती गौरीबाईंची जिजाई. दामले आणि फत्तेलाल यांनी तिला खलनायिका केले नाही, हे त्यांचे मोठेपण. तिचे नवऱ्यावर प्रेम आहे आणि तिची मुले उपाशी आहेत. दोन्ही खरे असल्यामुळेच ती संतापते. मूल आजारी पडल्यावर ती वहाण घेऊन थेट देवळात शिरते, तेव्हा प्रेक्षक हसतो आणि त्याच क्षणी त्याचा घसा दाटतो. २००४ च्या 'श्वास'मधील आजोबांचेही तसेच आहे. नातवाचा जीव वाचावा आणि त्याची दृष्टीही राहावी, असे त्यांना वाटते. शस्त्रक्रिया दोहोंतील एकच देणार. सज्जन आणि दुर्जन यांच्या झुंजीपेक्षा एकाच माणसाच्या दोन सज्जन इच्छांची झुंज अधिक जीवघेणी असते. पापनिवेदनापूर्वी सदसद्विवेकाची तपासणी करावयास आपण लहानपणापासून शिकतो. लिहावयास बसलो की मात्र ती तपासणी का विसरतो, कोण जाणे.

असो. मग आम्ही आईला विचारले. ती आता थकली आहे, पण स्मृती लखलखीत आहे. "ते मागं का बसायचे?" ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "तुझ्यापायी."

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही सहा महिन्यांचे होतो. ती रस्त्याच्या कामावर खडी फोडावयास जाई. तिचे दूध आटले होते. मिशनकडून आलेले धान्य आणि दुधाची भुकटी वडील वाटत. वही त्यांच्याकडे. त्यांना स्वतःला मानधन मिळे, म्हणून आमचे घर यादीत नव्हते. तो नियम त्यांनीच घातलेला. त्या यादीतील एक कुटुंब गाव सोडून गेले होते. त्यांच्या नावापुढे वडिलांनी अंगठा उमटविला आणि भुकटीचा एक डबा घरी आणला. अर्ध्या गावाला ज्यांनी सही करावयास शिकविले, त्यांनी निरक्षराप्रमाणे अंगठा लावला! ते कुटुंब परतल्यावर त्यांनी दर महिन्याला थोडेथोडे करून त्याची भरपाई केली. पापनिवेदनही केले असेलच. ते आम्हांला कळण्याचे कारण नाही. परंतु पुढला बाक त्यांनी पुन्हा घेतला नाही.

बारा प्रसंग आम्ही बाजूला ठेवले. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला जोडीत, हे बायपास मार्ग होण्यापूर्वी प्रवास केलेल्या वाचकांना आठवत असेल. गाडी तीच, डबे तेच, पण खिडकीत बसलेल्या माणसाचे तोंड फिरलेले. आमच्या पटकथेचे तसेच झाले. सायकल तीच, प्रार्थना तीच, पण आता प्रत्येक प्रसंगात तो अंगठा होता.

एका ज्येष्ठ स्नेह्यांनी विरोध केला. "गव्हासाठी ख्रिस्ती झालेले म्हणून लोक आपल्याला आधीच हिणवतात. त्यांच्या हाती तुम्ही मास्तरांची चोरी देणार?" त्यांचे म्हणणे आम्ही धुडकावून लावू शकलो नाही. ते टोमणे आम्हीही शाळेत ऐकले आहेत. शिवाय ज्याच्यासाठी चोरी झाली, त्यानेच ती चव्हाट्यावर मांडावी काय, हा प्रश्न रात्री झोपू देत नसे. शेवटी ठरविले की आईला वाचून दाखवावयाचे. ती नको म्हणाली, तर वही बंद.

गेल्या रविवारी मिस्सेनंतर वाचले. तो प्रसंग आम्ही मोठ्या कष्टाने रचला होता. मध्यरात्र, दार लावलेले, कंदिलाची वात खाली केलेली, भिंतीवर वडिलांची थरथरती सावली. आईने मध्येच हात वर केला.

"कंदील कुठनं आला? रॉकेल होतं का तवा घरात? दिवसा लावला अंगठा त्यांनी. दारात बसून. समोर माणसं जात-येत होती, कोणी रामराम घातला तर हेही घालत होते."

"मग कोणी पाहिलं नाही?"

"पाहिलं असंल. कोण बोलणार? तू रडत होतास ना आत." मग थोडे थांबून तिने विचारले, "पुढं वाच की. थांबलास का?"

सावली गेली, कंदील गेला. त्या प्रसंगात आता दुपारचे ऊन आहे, मांडीवर वही आहे, रस्त्यावरून रामराम घालणारा एक माणूस आहे आणि आतून मुलाचे रडणे ऐकू येते. अंगठ्याची शाई त्यांनी कशाला पुसली, हे विचारावयाचे राहून गेले. येत्या रविवारी विचारू.