ओसरीपासून दहा मीटर

एअर रायफल म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकांना आठवते ती जत्रा. फळीवर टांगलेले रंगीबेरंगी फुगे, हातात आलेली खिळखिळी बंदूक आणि पाठीमागे मित्रांचा गलका. फुगा फुटला की आपण एकदम शार्पशूटर. नाही फुटला तर नळीच वाकडी! (कधी कधी असतेही म्हणा.)

आता खरा खेळ ऐका. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर मधोमध जो 'दहा' असतो, तो असतो अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. बॉलपेन टेकवल्यावर उमटतो तेवढा. छर्रा स्वतः साडेचार मिलिमीटरचा, त्यामुळे तो ठिपक्याला नुसता शिवला तरी दहा मिळतात. पण हे करायचं ३३ फुटांवरून, उभं राहून, कशाचाही टेकू न घेता. आणि मॅचमध्ये साठ वेळा.

पुण्यात एका स्टोरीच्या निमित्ताने मी रेंजवर गेले आणि तिथलीच झाले. शनिवारची सकाळ, फोन लॉकरमध्ये, तासभर कोणाचाही मेल नाही. पण खरी गंमत झाली ती मागच्या हिवाळ्यात, अंबाजोगाईला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून लॅपटॉप उचलून दोन महिने घरी गेले, तर काकांची धाकटी वाटच बघत होती. नववीत आहे. शालेय स्पर्धांमध्ये रायफल शूटिंग असतं हे तिला कळलं होतं आणि तिला ते करायचंच होतं.

आणि काका? काका म्हणजे अडत दुकानातला माणूस, शब्दाला महाग. "पोरीच्या हातात बंदूक कशाला द्यायलीस? आधीच आपल्या जिल्ह्याचं नाव काय कमी झालंय का?"

त्यांचं चुकीचं नव्हतं. मस्साजोग आमच्या शेजारच्या केज तालुक्यात. डिसेंबर २०२४ मध्ये तिथले सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि मग बीडमधल्या शस्त्रपरवान्यांची चर्चा राज्यभर रंगली. कितीतरी परवाने रद्द झाले. पुण्यात मी गाव सांगितलं की आजही कोणीतरी डोळा मिचकावून विचारतं, "मग, तुमच्या घरी पण आहे का?" मला तो विनोद आवडत नाही. धाकटीला तर तो अजून ऐकायचाच आहे.

साडेचार मिलिमीटरच्या, ठरावीक मर्यादेपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, हे मी काकांना सांगून पाहिलं. कायद्याने त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. शेवटी ते म्हणाले, "दोन महिने बघू. काही जमायलंय असं दिसलं तर पुढचं बोलू." पुढचं म्हणजे परीक्षा झाल्यावर पुण्याला माझ्याकडे राहून शिकणं.

आमचा वाडा जुना आणि लांबट. टेप लावला तर ओसरीच्या उंबऱ्यापासून परसातल्या दगडी भिंतीपर्यंत बरोबर बसलं. भिंतीपुढे वाळू भरलेली लोखंडी पेटी, तिच्यावर टार्गेट. परसाचं दार आतून बंद, डोळ्यांवर चष्मे, रायफल मोठं माणूस असतानाच कपाटाबाहेर. रायफल मैत्रिणीकडून आणलेली, नळी मोडून भरायची साधी स्प्रिंगवाली.

पहिला आठवडा एकही छर्रा नाही. धाकटी फुरंगटली, पण बॉस, फंडा हाच आहे! नुसतं उभं राहायचं. टार्गेटकडे कूस करून, डाव्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर किंवा बरगडीवर टेकवून. रायफलचं वजन हाडांनी पेलायचं, कारण स्नायू दमले की थरथरतात. मग डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. रायफल टार्गेटच्या बाजूला वळलेली दिसली तर हातांनी ओढून आणायची नाही. पाय सरकवायचे. हाताने ओढलेली रायफल ट्रिगर दाबायच्या क्षणी परत आपल्या जागी जाते आणि आपण म्हणतो, "अरे, नेम तर बरोबर होता!"

मग श्वास. सोडल्यावर जो आपोआप थांबतो, तिथेच शॉट. आठ-दहा सेकंदांत सुटला नाही तर रायफल खाली. जास्त वेळ रोखून बघितलं की नजर धूसर होते, आणि मग मन म्हणतं, चल मार आता एकदाचं. तो शॉट कधीच चांगला नसतो. नजर ठेवायची नळीच्या टोकावरच्या माशीवर, टार्गेट थोडं अंधुक दिसलं तरी चालतं.

स्प्रिंगच्या रायफलची आणखी एक खोड असते. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच ती हलायला लागते. म्हणून ती घट्ट आवळायची नाही, आणि रोज अगदी तशीच धरायची. छर्रा न घालता ती कधीच उडवायची नाही, आतला पिस्टन जोरात आपटून खराब होतो. शॉट गेल्यावर एक-दोन सेकंद तसंच थांबायचं. धाकटी नेमकी इथेच मान वर काढून बघायची, लागला का लागला का!

तिची दुसरी सवय म्हणजे प्रत्येक छर्ऱ्यानंतर साइटचा स्क्रू फिरवणं. मी नियम केला: पाच मारल्याशिवाय टार्गेटजवळ जायचं नाही, आणि त्याआधी वहीत लिहायचं, कुठला कुठे गेला असं वाटतंय. तिची वही मजेदार आहे. 'तिसरा उजवीकडे, घाई झाली.' 'चौथा माहीत नाही, कुकरची शिट्टी.'

एका संध्याकाळी काका दुकानातून आले तेव्हा ती रडवेली होती. पाचही छर्रे एका जागी, पण सगळे डावीकडे, सातवर. एकही दहा नाही. आदल्या दिवशी तर एक दहा लागला होता, बाकीचे चार कुठेही का असेनात. मी समजवायला लागले, तर काकांनी कार्ड हातात घेतलं.

"रडायलीस कशाला? हे चांगलंय की. काटा रोज तेवढाच कमी दाखवत असंल तर त्याला नीट करता येतं. रोज निराळं दाखवायला लागला तर तो काटा भंगारात."

मी दीड वर्षात रेंजवर जे ऐकलं होतं, ते काकांनी एका दमात सांगून टाकलं. मग स्क्रू फिरवला, एकदाच.

त्यानंतर काकांना जेवताना प्रश्न पडायला लागले. मी सुमा शिरूरबद्दल सांगितलं. २००४ मध्ये क्वालालंपूरला आशियाई स्पर्धेत तिने पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण घेतले होते. म्हणजे चाळीस छर्रे, चाळीसही दहा! काका म्हणाले, "मुंबईकडची असंल." मग स्वप्नील कुसाळे काढला. कोल्हापूर जिल्ह्यातलं कांबळवाडी, राधानगरी तालुका, शेतकऱ्यांचा भाग. २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ. तेव्हा रेल्वेत टीसी होता.

"रेल्वेत?" काकांनी घास थांबवला.

मॅचची रायफल लाखांच्या घरात जाते, हे मी त्या दिवशी मुद्दाम सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी तिचे पाच छर्रे चहाच्या बशीएवढ्या जागेत पसरले होते. मी निघायच्या आठवड्यात ते दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकले जायचे, रोज नाही, पण तीन दिवसांतून दोनदा. नाणं काकाच ठेवून बघायचे. मला बसस्टँडवर सोडायला आले तेव्हा बॅग वर चढवता चढवता म्हणाले, "रायफल तिथली वापरू देतेत म्हणलीस. ते जाड जॅकेट घालतेत, ते जुनं मिळंल का कुणाचं?"