गोराईची फेरी राहून गेली

या धाग्यात आपण एरवी गड, ताम्रपट आणि लढाया यांविषयी बोलतो. आजचा विषय त्या मानाने पोरकट वाटेल : एक बंद पडलेले मनोरंजन उद्यान आणि त्यातील रोलर कोस्टर. तरीही लिहितो, कारण या कथेत माझ्याकडून एक खोटे बोलले गेले आहे आणि त्याची दुरुस्ती करावयाची राहून गेली आहे.

मी हरसूलचा. आमच्या गावाचे नाव इतिहासात येते ते १८५७ च्या डिसेंबरात, पेठ संस्थानातील उठावाच्या वेळी. तेव्हा हरसूलचा बाजार लुटला गेला होता. त्यानंतर आमच्या बाजाराकडे इतिहासकारांनी फारसे पाहिले नाही. नागली आणि वरई पिकवणारा हा मुलूख, आणि पीक निघाले की कामासाठी गिरणाऱ्याच्या मजूर नाक्यावर उभे राहणारी माणसे. माझे वडील त्यांपैकीच.

१९९९ साली, मी आठवीत असताना, शाळेची सहल एस्सेलवर्ल्डला जाणार असे जाहीर झाले. दूरदर्शनवरील जाहिरातीमुळे ते नाव आमच्या पाड्यापर्यंत पोहोचलेले होते. वर्गणी चारशे रुपये. ताई दहावीत होती. तिलाही जाता आले असते. घरात एकाचेच पैसे जमणार हे उघड होते. आई काही बोलण्यापूर्वीच ताई म्हणाली, ‘‘त्याला जाऊ द्या. मोठा झाला की नेईल मला.’’ मी लगेच हो म्हटले. चौदाव्या वर्षी शब्द देणे फार सोपे असते.

मोखाडा, जव्हार करीत आमची एसटी मनोरला महामार्गाला लागली आणि भाईंदरवरून उत्तनच्या वाटेने गोराईत शिरली. दोहो बाजूंना वलांड्यांवर बोंबील वाळत होते. त्या वासाने अर्धी गाडी हैराण झाली. हे धारावी बेट. (मुंबईतील धारावीशी याची गल्लत करू नये.) वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ मध्ये येथील धारावीचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. आम्हां मुलांना त्यातले काहीच ठाऊक नव्हते. झाडांच्या शेंड्यांवरून लोखंडी चढण दिसली आणि सगळी गाडी ओरडली.

सुभाषचंद्रांच्या एस्सेल समूहाने १९८९ मध्ये उभारलेले हे उद्यान. शेजारचे वॉटर किंगडम १९९८ चे, म्हणजे आम्ही गेलो तेव्हा अगदी कोरे. तेथे जाण्याएवढे पैसे वर्गणीत नव्हते. कुंपणापलीकडचे किंचाळणे मात्र फुकट ऐकू येत होते. आमच्या वाट्याला आला तो झिपर डिपर.

जाणत्यांच्या हिशेबी तो लहानसाच रोलर कोस्टर. परंतु लहान असो वा मोठा, त्याचे मर्म एकच. गाडीला स्वतःचे इंजिन नसते. साखळी तिला पहिल्या चढणीच्या माथ्यावर नेऊन सोडते आणि पुढची सारी धाव त्या एका उंचीच्या भांडवलावर चालते. घर्षण आणि वारा ते भांडवल खात जातात, म्हणून प्रत्येक पुढची टेकडी पहिलीपेक्षा ठेंगणी ठेवावी लागते. चढताना जो खडखडाट ऐकू येतो तो गाडी मागे घसरू नये म्हणून लावलेल्या अडणीचा; भीती वाढवणारा हा आवाज वस्तुतः सुरक्षेचा आहे. माथ्यावरून झेपावताना गाडी रुळांवरून उसळू नये म्हणून रुळांखालूनही चाके असतात. ती कल्पना जॉन मिलर या अमेरिकी अभियंत्याची, १९१९ च्या पेटंटातील.

या खेळाचे मूळ रशियातील बर्फाच्या घसरगुंड्यांत. १८१७ मध्ये पॅरिसमध्ये त्याला चाके व रूळ मिळाले. १८८४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसनने पाच सेंटांत फेरी देणारी गाडी सुरू केली. वेग ताशी सहा मैल, आमच्या घाटातल्या एसटीपेक्षाही कमी. गंमत अशी, की फ्रेंच आणि स्पॅनिश माणसे या खेळाला ‘रशियन डोंगर’ म्हणतात, तर रशियन लोक ‘अमेरिकन टेकड्या’. मराठीने मात्र नवा शब्द घडवलाच नाही. आपल्याकडे शब्द आहे तो रहाटपाळणा, आणि तो जुना आहे. लाकडी रहाटपाळण्यांची वर्णने सतराव्या शतकातील युरोपीय प्रवाशांनी तुर्की मुलखातून लिहून ठेवली आहेत. जॉर्ज फेरिसचे २६४ फुटी पोलादी चक्र शिकागोत १८९३ मध्ये फिरले, विवेकानंद जेथे बोलले त्याच जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने.

मी घरी परतलो तेव्हा ताई ओट्यावर वाट पाहत बसली होती. मी तिला सांगितले, की माथ्यावरून समुद्र दिसतो, गलबते दिसतात, आणि सगळे किंचाळत असताना मी एकटा हसत होतो. ती ऐकत राहिली. पुढे कित्येक वर्षे ती हे पाहुण्यांना सांगत असे, स्वतः पाहून आल्यासारखे.

नोकरी लागल्यावर तिला नेण्याचे मी दोनदा ठरवले. एकदा तिच्या मुलाची परीक्षा आली, एकदा आवणी. खरे कारण माझी चालढकल. मग महामारी आली, आणि २०२२ मध्ये उद्यानाचे दरवाजे लोकांसाठी बंद झाले. वॉटर किंगडम चालू राहिले, पाळणे थांबले. फोनवर सांगितले तेव्हा ताईने एवढेच विचारले, ‘‘मग त्या पाळण्यांचं काय करतात रे?’’

गेल्या पौषात आम्ही दोघे निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला गेलो. लहानपणी तेथे लाकडी पाळणा असे. चार पेट्या, आणि आऱ्यांवर चढून आपल्या भाराने तो फिरवणारा माणूस. आता विजेवर चालणारा उंच आकाशपाळणा होता. आम्ही बसलो. वर पोहोचताच तो उतारू घेण्यासाठी थांबला आणि पेटी झुलू लागली. ताई वाकून ब्रह्मगिरी पाहत होती, दिंड्यांच्या पताका मोजत होती. माझे दोन्ही हात दांडीवर आवळलेले.

‘‘गोराईहून समुद्र असाच दिसायचा का?’’ तिने विचारले.

‘‘मी पाहिलाच नाही. डोळे गच्च मिटले होते.’’

ती हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘मग मी इतकी वर्षं लोकांना काय सांगत होते?’’

पाळणा पुन्हा सुरू झाला. उतरल्यावर तिने रेवड्यांचा पुडा घेतला, पैसे मला देऊ दिले नाहीत, आणि बसस्थानकापर्यंत तो दोघांत फिरत राहिला.